चढती सुई

"चालू करू, ताई?" मदतीला आलेल्या श्रीधरचं बोट स्विचवर होतं.

"कर. पण मी 'बंद' म्हटलं की लगेच बंद कर."

टेबलावरचा उघडा अ‍ॅम्प्लिफायर देवश्रीनं स्वतः जोडला होता. ती पॉलिटेक्निकात शिकवायची. त्र्याण्णवचा गणेशोत्सव होता आणि संध्याकाळी फ्रीगंजातल्या मंडळाच्या हॉलमध्ये तिचे बाबा, यज्ञेश्वरराव, गाणार होते. दोन दिवसांनी इंदूरला त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन. नंतर आवाज राहील, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नव्हते. आताच तो इतका बसला होता की मंडळाच्या खरखरणाऱ्या जुन्या सेटवर काहीच कळलं नसतं.

गाणं सुरू नसतानाही अ‍ॅम्प्लिफायरच्या मोठ्या ट्रान्झिस्टरांतून थोडा करंट वाहता ठेवावा लागतो. कमी पडला तर आवाज फाटतो, जास्त झाला तर ट्रान्झिस्टर जळतात. सकाळी एक जोडी जळाली होती. ही दुसरी देवास गेटच्या दुकानातली शेवटची.

देवश्रीनं स्क्रू हलकेच फिरवून मीटरची सुई जागेवर आणली. सुई थांबली. मग आपोआप पुढे सरकली.

"ताई, चढून राहिली आहे."

"दिसतंय." तिनं स्क्रू मागे फिरवला. सुई उतरली आणि पुन्हा चढली. या वेळी भराभर.

"बंद!"

खट्. मोठे ट्रान्झिस्टर ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर कसले होते, तिला हात लावला तर चटका बसला. आतल्या खोलीतून बाबांचा घोगरा आवाज आला, "नाही जमलं तर राहू दे गं. मी तसंच गाईन."

"जमेल, बाबा," ती म्हणाली.

गार झाल्यावर त्यांनी परत चालू केलं. सुई परत निघाली. एखादी तार सैल असेल म्हणून देवश्री एकेक भाग बोटानं दाबून बघू लागली. कडेच्या छोट्या ट्रान्झिस्टरवर बोट टेकलं आणि सुई खाली आली. बोट काढलं, वर चढली.

"बंद कर! पंखापण बंद कर!"

"काय झालं?"

"हा छोटा मोठ्यांवर नजर ठेवतो. ते तापले की करंट वाढतो, म्हणून त्यानं तो कमी करायचा. पण मी त्याला लांब, पंख्याच्या वाऱ्यात बसवलंय. त्याला वाटतंय सगळं ठीक आहे. माझ्या बोटाची ऊब लागली तेव्हा कुठे त्यानं करंट कमी केला."

तिनं त्याला लांब तारा जोडल्या, पट्टीत वीज उतरू नये म्हणून खाली अभ्रकाचा पापुद्रा घातला आणि मोठ्यांच्या शेजारी, पट्टीवरच घट्ट कसला. श्रीधरनं स्विच दाबला. सुई चढली, थबकली, किंचित मागे आली. दोघं बघत राहिले. ती तिथून हलली नाही.

संध्याकाळी बाबा गायले. कुजबुजीएवढा सूरही शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला. देवश्री पडद्यामागे मशीनपाशी बसून होती. तिला बाबांचा चेहरा दिसला नाही.

ऑपरेशननंतर बाबा वाचले. आवाज मात्र परत आला नाही. पुढे मंडळात कोणी त्या संध्याकाळची गोष्ट काढली की ते देवश्रीकडे बघायचे आणि बोट वर करून त्याच गाण्याचा ताल धरायचे.