टाचणीने लावलेली पट्टी

आता माझ्याबरोबर जरा कल्पना करा. तुम्ही गच्चीवर ओली चादर वाळत घालायला गेला आहात. चादरीची दोन टोकं तुमच्या मुठीत आहेत. वारा पडलेला असतो तोवर चादर मुकाट लोंबत असते. मग एक झोत येतो, चादर पोट फुगवते आणि तुम्हालाच कठड्याकडे ओढायला लागते. आठवलं? आता चादरीच्या जागी तंबूचं जाड कापड घ्या, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पुरेल एवढं लांब. आणि गच्चीच्या जागी डोंगराचा कडा. जमलं? मग चला, टाचणीच्या मागोमाग आपणही चढू.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी, म्हणून कारखान्यातल्या मंडळींनी ते ठेवलेलं. कारखाना तंबू आणि ताडपत्र्या शिवण्याचा. टाचणीची आई तिथे शिवणकाम करायची, आणि शाळा सुटली की टाचणी आईच्या मशीनशेजारी चिंध्यांच्या ढिगावर बसून गृहपाठ करायची.

त्या वर्षी मालकीणबाईंनी सगळ्यांची सहल काढली. डोंगर चढायचा, कड्याच्या टोकाशी जाऊन दरी बघायची आणि कारखान्याचं नाव शिवलेला लांबलचक फलक धरून फोटो काढायचा. फलकावरचं एकेक अक्षर एकेकाने शिवलं होतं. दोन टोकांना हातात धरायला जाड पट्ट्या लावायच्या होत्या. त्यातली एक टाचणीला मिळाली.

"मोठ्या मशीनवर मारायची, दुहेरी शिवण," कटिंगमास्तर तिला म्हणाले होते. कारखान्यातलं सगळं कापड तेच बेतायचे. "पट्टी टिकली तर सुट्टीत रोज मशीनवर बसायचं. नाही टिकली तर आहेच चिंध्यांचा ढीग. कळलं?"

"कळलं," टाचणी म्हणाली.

कळलं होतंच. पण मोठ्या मशीनच्या पायडलपर्यंत तिचा पाय नीट पुरत नव्हता. बोटांच्या टोकाने दाबलं की मशीन ढिम्म हलत नसे, आणि जोर लावला की सुसाट पळे. एक सुई मोडली. मग दुसरी मोडली. पाय पुरत नाही हे सांगायची तिला लाज वाटली. सांगितलं तर म्हणतील, आधी मोठी हो, मग ये. म्हणून सगळे जेवायला बसलेले पाहून तिने पट्टी उचलली आणि कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर शिवून टाकली.

हे जुनं मशीन पोत्यांची तोंडं शिवायचं. त्याची शिवण साखळीची असते, म्हणजे दोऱ्याचा एक फास पुढच्या फासात अडकवलेला, तो त्याच्या पुढच्यात. धान्याचं पोतं उघडताना तुम्ही पाहिलं असेल, योग्य टोकाचा दोरा ओढला की अख्खी शिवण सर्रकन सुटत जाते. पण ते टोक बांधून टाकलं तर शिवण गच्च बसून राहते. टाचणीने टोकाला गाठ मारली, ती कापडाच्या घडीखाली दडवली आणि कोणाला काही बोलली नाही.

आता डोंगरावर तिला दुसरं काही दिसतच नव्हतं. पुढे मास्तरांच्या खांद्यावर फलकाची गुंडाळी, मागे आई, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला उतार. वाट इतकी चिंचोळी की मागे वळायचं म्हटलं तरी सगळ्यांना वळावं लागलं असतं. वाऱ्याचा जोर बघून वाटाड्याने सगळ्यांच्या पिशव्या खाली खिंडीतच ठेवायला लावल्या होत्या. वारा पाठीमागून लोटत होता. जणू कोणी तळहात पाठीवर ठेवून म्हणत होतं, चल, चल.

"काय गं, आज तोंडाला कुलूप?" आईने विचारलं.

"काही नाही."

"सकाळपासून काही नाहीच चाललंय."

"वहिनी, तिला मशीनवर बसायची घाई झालीय!" मास्तर पुढून ओरडले. "आजचा फोटो झाला की पास झाली म्हणायची पोरगी!"

टाचणीने मान मागे वळवली. "आई, ती माझी पट्टी तू धरू नकोस."

"का? माझ्या लेकीने लावलीय. मी नाही धरणार तर कोण?"

झालं. आता पट्टी उसवली तर आईच्याच हातात उसवणार होती, सगळ्यांच्या देखत. टिकू दे, ती मनात म्हणत राहिली. फोटोपुरती टिकू दे.

कड्याच्या टोकाला लोखंडी गजांचा उंच कठडा होता. गज इतके जवळजवळ की मधून मांजरसुद्धा जाऊ नये. पलीकडे काहीच नव्हतं. खूप खाली नदी आणि चौकोनी शेतं.

"बघा आणि फिरा," वाटाड्या म्हणाला. "कापड मात्र इथं उघडू नका."

"अहो, दोन मिनिटं!" मालकीणबाईंनी एका हाताने टोपी धरली होती. "एवढं खांद्यावरून आणलं ते काय उशाला घ्यायला?"

"बाई, वारा बघा."

"आम्ही कापडातली माणसं. कापड कसं धरायचं ते आम्हाला नका सांगू."

कारखान्यात ताडपत्री ताणताना सगळ्यांची एक सवय होती. पट्टी हातातून निसटू नये म्हणून मनगटाला दोन वेढे मारायचे. कारखान्याला चार भिंती आणि छप्पर होतं, तिथे हे ठीकच होतं. आईने कड्यावरही तेच केलं. तिच्याही नकळत झालं ते.

मास्तर दुसऱ्या टोकाची पट्टी हाताला गुंडाळणार, एवढ्यात वाऱ्याचा झोत आला. त्यांच्या हातातून टोक सुटलं. अख्खा फलक चुरगळून दोन गजांमधल्या फटीतून पलीकडे घुसला, दरीच्या अंगाला जाऊन फुगला आणि आईला घेऊन निघाला. आई कठड्यावर धाडकन आदळली. तिचा उजवा हात त्याच फटीतून कोपरापर्यंत पलीकडे ओढला गेला आणि कापड गजांबाहेरून खाली उतरून तिथेच ताणून राहिलं.

"धरा! वहिनींना धरा!"

दोघी-तिघींनी आईच्या कमरेला मिठी मारली. मास्तरांनी तिला मागे ओढून पाहिलं. जेवढं ओढावं तेवढे मनगटावरचे वेढे आवळत होते. त्यांनी स्वतःचा हात शेजारच्या फटीतून घालून पाहिला, तो पंजापाशीच अडकला. दुसऱ्या कोणाचाही जाईना.

"सुरी?" मालकीणबाई म्हणाल्या. "कोणाकडे कात्री? कारखानाभर कात्र्या, आणि आज एकीकडे नसावी!"

"सगळं खिंडीत, पिशव्यांत आहे," वाटाड्या म्हणाला आणि वाकून, कातळाला धरत परत वाटेला लागला. तो कितीही जीव खाऊन गेला तरी त्या वाऱ्यात ती वाट काही आखूड होणार नव्हती.

उरलेले सगळे तिथेच अडकले. आईला सोडता येत नव्हतं आणि हलता येत नव्हतं. झोत आला की आईचा खांदा गजांवर दाबला जाई, ओसरला की ती श्वास घेई.

"अगं, माझ्या पाठीवर कोण बसलंय?" आई कशीबशी हसत म्हणाली. "वाऱ्याने नाही तर तुमच्या वजनानेच जाईन मी."

पण गजांपलीकडची तिची बोटं आधी लाल झाली आणि आता जांभळी पडत चालली होती. तो उजवा हात होता. सुईत दोरा ओवणारा.

"तुटत कशी नाही ही पट्टी!" मास्तर दातओठ खात म्हणाले. "काय शिवलीय पोरीने! मोठ्या मशीनची दुहेरी शिवण आहे, ती काय सुटते आता."

टाचणी कठड्याला टेकून बसली होती. टिकू दे, टिकू दे, असं तिने सगळी वाटभर म्हटलं होतं, आणि टिकली होती. आता तोंड उघडलं तर मशीन गेलं, सुट्टी गेली, आणि सगळ्यांना कळणार की ती खोटं वागली. न उघडावं तर ती बोटं समोर दिसत होती. वाटेवर वाटाड्याचा अजून पत्ता नव्हता. कोणीतरी दुसरं काहीतरी करेल, असं तिला क्षणभर वाटलं. पण दुसऱ्या कोणाला माहीतच नव्हतं.

"दुहेरी नाहीये," ती म्हणाली. वाऱ्याने शब्द उडवून नेले. ती ओरडली, "मास्तर, दुहेरी नाहीये! साखळीची आहे. मी पोत्याच्या मशीनवर मारली!"

मास्तरांनी मान वळवली. "काय?"

उत्तर द्यायला ती थांबली नाही. शिवणारी माणसं कॉलरला एक सुई खोचून ठेवतात, आईही ठेवायची. टाचणीने ती काढली आणि आपला बारीक हात शेजारच्या फटीतून पार खांद्यापर्यंत आत घातला. गाल थंड गजाला चिकटला. आता तिला हात दिसत नव्हता, फक्त आकाश दिसत होतं. बोटांनी आईचं मनगट सापडलं. मग पट्टी. मग कापडाची घडी, आणि घडीखाली तिची ती गाठ.

"आई, हलू नकोस."

"मी कुठे जातेय?" आई म्हणाली.

तिने सुईचं टोक गाठीत घातलं. झोत आला, सुई निसटून आईच्या हाताला टोचली. आई नुसती "हं" म्हणाली. टाचणीने पुन्हा गाठ चाचपली, पुन्हा सुई घातली, थोडी सैल केली, अजून थोडी. दोऱ्याचं टोक मोकळं झालं. तिने ते बोटाला गुंडाळलं आणि ओढलं.

सर्रकन आवाज झाला. फलक सुटला आणि सगळी मंडळी एकमेकांवर मागे कोसळली. आईचा हात गजांमधून परत आला. मनगटाला पट्टी तशीच गुंडाळलेली होती, फक्त तिला कापड उरलं नव्हतं. दरीत, फार खाली, कारखान्याचं नाव गिरक्या घेत चाललं होतं.

मालकीणबाई ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिल्या. मास्तरांनी आईच्या हातावरची पट्टी उलगडली, तिच्यावरची टाक्यांची भोकं अंगठ्याने चाचपली आणि टाचणीकडे पाहिलं.

"मोठ्या मशीनवर का नाही मारलीस?"

टाचणीने आईचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट चोळायला सुरुवात केली. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, मग पुन्हा करंगळीपासून. बोटं गरम व्हायला लागली तेव्हा ती मान वर करून म्हणाली, "पायडलला माझा पाय पुरत नाही, मास्तर. खाली काहीतरी उंच ठेवून द्या. मी परत शिवते."