हंडीखालचा मोगरा

"पानंसुद्धा भुकेजतात गं बाई. नुसतं पाणी पुरत नाही त्यांना."

अंबडच्या भुवाचा, म्हणजे वडिलांच्या बहिणीचा हा आवाज भगवतीदेवीला कोपऱ्यात बसल्या बसल्या आठवला. लहानपणी भुवा जाईच्या मांडवाखाली केर काढताना गुणगुणायची:

जाईबाई जाईबाई, काय वाढू तुझ्या ताटी,
वाऱ्याचा गं घास घेते, पान उघडून ओठी.

मस्तगड मोहल्ल्यातल्या या घरात नवरा पुखराज गेल्यापासून भगवतीदेवी आतल्या खोलीत बसली होती. रिवाजच तसा. नवरा गेला की बायकोनं वर्षभर एका कोपऱ्यात बसायचं. ऊन अंगावर घ्यायचं नाही, पुरुषाच्या नजरेस पडायचं नाही. खोलीला उंचावर एक झरोका होता. त्याच्याखाली रॉकेलच्या कापलेल्या डब्यात मोगरा, पुखराजनं लावलेला. एवढं एक तिनं हट्टानं आत मागून घेतलं होतं. आता तो पिवळा पडत चालला होता. तो गेला तर त्या खोलीत तिच्याशिवाय जिवंत असं काही उरणार नव्हतं.

धाकटा दीर नवलकिशोर औरंगाबादला कॉलेजात शास्त्र शिकायचा. सुट्टीत आला तेव्हा दाराच्या पडद्याआडून म्हणाला, "भाभीजी, पानं हवेतला कर्बवायू खातात. आपण श्वास सोडतो ना, त्यात असतो तो. मोगऱ्याला जरा जास्तीचा देऊन बघू."

"तो काय बाजारात मिळतो, देवरजी?"

"घरीच होतो. गुळाचं पाणी आंबलं की बुडबुडे येतात, तोच."

गुळाच्या पाण्याचं मडकं डब्याशेजारी आलं. चार दिवसांत वास सगळ्या घरात भरला. भांडी घासणारी द्वारकाबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "आगं माय! भट्टी लावून राह्यले का नवलशेठ? माझ्या दिराला वास लागला तर दारातून हलायचा न्हाई तो."

सासू संतोषबाई पक्क्या जैन. दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब न घेणाऱ्या. त्या मडक्यापाशी येऊन थिजल्याच. "गूळ सडवला? किती जीव पैदा झाले असतील यात!" आता ठेवलं तरी पाप आणि ओतलं तरी पाप. मडक्यासमोर त्या बराच वेळ तशाच उभ्या होत्या. शेवटी द्वारकाबाई म्हणाली, "सरका बाई, माझ्या नावावर लिवा," आणि मडकं उचलून चालू लागली.

"मां, पापडखार तरी चालेल ना?" नवलकिशोरनं बाहेरून विचारलं.

"त्याला काय होतंय? पापडात घालतोच की."

मग विटेवर वाटी, वाटीत पापडखार, वरून लिंबू. फसफस झाली. वायू जड, तो खाली पानांवर उतरतो, म्हणून वीट. तो उडून जाऊ नये म्हणून लग्नातली काचेची हंडी वरून पालथी. नवलकिशोरच्या सांगण्यावरून द्वारकाबाईनं हंडी जरा उचलून जळती काडी वाटीवर धरली. काडी पटकन विझली.

"अगं बया! ह्याच्या जेवणानं तर दिवाच जातो!"

भगवतीदेवी हसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. संतोषबाईंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून खार आणि लिंबू घेऊन त्या स्वतः येऊ लागल्या. लिंबू पिळायच्या, फसफस थांबेपर्यंत बसायच्या, उठून जायच्या.

दिवाळीला नवलकिशोर आला. द्वारकाबाईनं डबा दाराशी नेऊन दाखवला आणि परत झरोक्याखाली ठेवला. मोगरा उंच झाला होता, पण सुतासारखा बारीक, पानं पांढुरकी.

"चूक माझीच," तो म्हणाला. "उजेड नसला तर पानांना हा वायू पचत नाही. एवढी मोठी गोष्ट, अन् मी बिलकुल विसरलो. मां, आजच बाहेर काढा. आधी कोवळ्या उन्हात, मग हळूहळू. इथं ठेवला तर जाईल."

"ने गं अंगणात," संतोषबाई म्हणाल्या.

द्वारकाबाई डबा उचलायला वाकली, तर डब्याची कड भगवतीदेवीनं घट्ट धरलेली.

"सोड, बींदणी," संतोषबाई सुनेला म्हणाल्या. "मरू द्यायचाय का त्याला?"

"न्या ना. मी कुठं नको म्हणते?" तिचा हात सुटला नाही. "सासूजी, मीपण येते."

"वर्ष व्हायचंय अजून."

"ठाऊक आहे. पण मला राहवत नाही इथं. भिंतीशी बोलायला लागले मी."

पडद्याबाहेर नवलकिशोरची पावलं वाजली, दूर गेली. भगवतीदेवीनं डब्याची कड सोडली. द्वारकाबाई डबा कमरेवर घेऊन तशीच उभी राहिली. जावं की थांबावं, तिला कळेना. संतोषबाई भगवतीदेवीच्या शेजारी खाली टेकल्या. बसायला त्यांना वेळ लागला, गुडघे दुखत होते.

"ह्याच जागी बसले होते मी," त्या म्हणाल्या. "तुझे सासरे गेले तेव्हा. नवल पाळण्यात होता. सासू ताट ठेवून जायची. रोज वाटायचं, आज तरी म्हणेल, ऊठ म्हणून. अखेरपर्यंत म्हणाली न्हाई." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "अन् मीपण इतके महिने लिंबू पिळून जाऊन राह्यले. ऊठ, बाई. ऊठ."