न फुटलेली गाडी

"कोणी जागचं हलायचं नाही," स्फोटवाला ओरडला आणि हातातलं बटण त्याने खाली ठेवलं. "वीस मिनिटं. घड्याळ लावा."

दोराने ओढलेली गाडी चढणीच्या फळीवरून उडाली होती, दोन कोलांट्या खाऊन बरोबर खुणेवर उताणी पडली होती. म्हणजे माझ्या वाट्याचं काम चोख झालं होतं. आता तिने फुटायचं होतं, तर ती नुसती धूर सोडत पडून राहिली. दारू पेटली नाही की वीस मिनिटं कोणी जवळ जायचं नाही, हा आमच्या धंद्यातला नियम, कारण कधीकधी ती मागाहून उडते. दिग्दर्शक येरझारा घालायला लागला. माझा धाकटा भाऊ चाकाच्या खुर्चीत पुढे वाकून त्या गाडीकडे टक लावून बघत बसला.

मी सिनेमासाठी गाड्या तयार करतो. म्हणजे मरायला तयार करतो. टाकी काढायची, बॅटरी काढायची, इंजिन काढायचं, काचा उतरवायच्या. मग स्फोटवाला आत पेट्रोलच्या पिशव्या बांधतो. पडद्यावर गाडी दरीत पडली तरी फुटते, तिला गोळी लागली तरी फुटते; नायिकेने रागाने दार आपटलं तरी फुटेल की काय अशी मला धास्ती असते. बावीस वर्षांत आपोआप फुटलेली एकही गाडी मी पाहिलेली नाही.

भावाला हे सगळं एकदा बघायचं होतं. तीन वर्षं मी टाळत होतो. कधी ऊन, कधी धूळ, कधी खुर्ची रुतते. आज सकाळी त्याच्या बायकोनेच त्याला तयार करून दारात आणून बसवलं. "भाऊजी, न्या हो एकदाचं. माझं डोकं खाल्लंय यांनी."

"दादा, अजून कशी फुटली नाही?" भावाने विचारलं.

"तार निसटली असेल."

"पण धूर येतोय की."

"त्याचा डबा वेगळा ठेवलाय."

"आणि पेट्रोलची टाकी?"

"ती गॅरेजात आहे. कालच काढली."

मी पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली. चारच मिनिटं झाली होती.

तीन वर्षांपूर्वी आमची गाडी अशीच उलटली. चालवत मी होतो आणि मला साधं खरचटलंही नाही. बॉनेटमधून पांढरा लोट उठला आणि मला वाटलं, आता ही फुटणार. जन्मभर दुसऱ्यांना फसवलं आणि नेमका त्या दिवशी मीच फसलो. भावाच्या बगलांत हात घालून त्याला खिडकीतून खेचलं, वीसेक पावलं फरफटत नेलं. गाडी संध्याकाळपर्यंत तशीच पडून होती. नुसता रेडिएटर फुटला होता. हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, याला कोणी ओढलं का? मणका आधी फक्त तडकला असावा, म्हणाले, जागेवर पडू दिलं असतं तर कदाचित पाय वाचले असते.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. भाऊ मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, दादाने मला आगीतून काढलं. दर पाहुण्यागणिक ज्वाळा हातभर वाढतात. तेव्हापासून आई जेवायला मला पहिलं वाढते.

मी खुर्चीमागे गेलो, पुन्हा पुढे आलो. नऊ मिनिटं.

"दादा, बस ना जरा. टाकी आत असती तर फुटली असती ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तीन वर्षं त्या 'हो'चाच संसार केला होता आणि मला त्याचा वीट आला होता.

"नाही," मी म्हणालो. "पेट घेते एखादी. पण अशी फुटत नाही."

"मग आपली?"

"आपल्या गाडीला आग नव्हतीच रे. वाफ होती. रेडिएटरची."

"हे तुला कळलं नाही?" तो म्हणाला. "तुला?"

"नाही कळलं. घाबरलो मी. तुला ओढलं नसतं तर कदाचित तू चालला असतास. डॉक्टर म्हणाले होते."

त्याने नजर पुन्हा गाडीकडे वळवली. मला त्याची भीती वाटली. ज्याला सायकल शिकवली त्या माझ्याच धाकट्या भावाची. त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. उरलेला वेळ आम्ही दोघंही गाडीकडेच बघत होतो.

वीस मिनिटं झाल्यावर स्फोटवाला जाऊन तार जोडून आला. या वेळी गाडी फुटली. दार आभाळात गेलं, दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. "अगदी खरं वाटतंय," तो मला म्हणाला. भावाने तोवर मान फिरवली होती.

मी खुर्ची ढकलत व्हॅनपाशी आणली, दार उघडलं आणि त्याच्यापुढे वाकलो. एरवी तो लगेच गळ्यात हात टाकतो. आज त्याने हात मांडीवरच ठेवले. पाठ भरून आली तरी मी सरळ झालो नाही. शेवटी त्याचा एक हात माझ्या मानेवर आला, मग दुसरा.

"सावकाश उचल," तो म्हणाला. "आता कसली घाई नाहीये."

मी एक हात त्याच्या पाठीमागे घातला, एक गुडघ्यांखाली, आणि तो 'हं' म्हणेपर्यंत तसाच थांबलो.