भिंतीतल्या आठ तारा

“किती?”

“अकरा.”

“परत बघ.”

“बाबा, परत बघून आकडा वाढत नसतो.”

मुलगी एका खोलीत, वडील दुसऱ्या खोलीत, मध्ये भिंत आणि एक अरुंद बोळ. सकाळपासून दोघांचं बोलणं असं ओरडूनच चाललं होतं. वडिलांच्या टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर होता. त्यात मोठाल्या डिस्क बसवून त्यांनी घरचा सर्व्हर केला होता. म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली ठेवायचं एकच कपाट, असं ते कौतुकाने सांगत. घरात ‘सगळे’ म्हणावं असं आता कुणी उरलं नव्हतं, हा भाग वेगळा.

त्या कपाटातून पलीकडच्या खोलीत फाइली जायला हव्या होत्या भराभर, आणि जात होत्या रडतखडत. पडद्यावरचा वेगाचा आकडा शंभराच्या वर असायला हवा, तो अकरावर पाय रोवून बसला होता. दहा नाही, बारा नाही. अकरा.

वडिलांचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. इमारतीतले लोक त्यांना लिफ्टमास्तर म्हणत, पुढे पुढे नुसतं मास्तर. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी कुठल्या मजल्यावर लिफ्टचं दार लागेनासं झालं की कंपनीच्या माणसाआधी त्यांनाच हाक यायची. त्यांची एक पद्धत होती. लिफ्ट अडली की आधी दार बघायचं, मग फ्यूज, आणि मोटारीला हात सगळ्यात शेवटी. नवशिका असतो तो पहिल्यांदा मोटार उघडून बसतो आणि दिवसभर हात काळे करून घेतो.

त्याच पद्धतीने त्यांनी सकाळी सुरुवात केली. सगळे प्लग काढून परत घट्ट बसवले. सर्व्हर बंद करून चालू केला. मग एका डिस्कवरची फाइल दुसऱ्या डिस्कवर टाकून पाहिली, तर ती बघता बघता गेली.

“डिस्कचा दोष नाही,” ते ओरडले.

“मग कुणाचा?”

“बघतोय ना. डोकं नको खाऊ.”

मुलगी मालिकांचं संकलन करायची, दुसऱ्या शहरातल्या एका स्टुडिओसाठी. चित्रण झालेलं सगळं पुढ्यात घ्यायचं, कापायचं, जोडायचं आणि संध्याकाळच्या आत परत पाठवायचं. घरून केलंस तरी चालेल, असं स्टुडिओने म्हटलं होतं, पण रोजच्या रोज पोचलं पाहिजे. म्हणून आठवडाभर ती आईच्या खोलीत टेबल मांडून बघत होती. वायफाय त्या जाड भिंतीपलीकडे मान टाकायचं. सर्व्हरच उचलून तिच्या खोलीत ठेवावा, तर तो डबा घरघरायचा, आणि तिला तर नटाचा श्वाससुद्धा नीट ऐकू यायला हवा होता. राहता राहिली भिंतीतून गेलेली तार, आणि तिचे हे असे रंग. अकराच्या वेगाने एका भागाचं चित्रण यायलाच निम्मा दिवस खपायचा.

आज संध्याकाळी तिला स्टुडिओला सांगायचं होतं. घरून, की तिकडे. स्टुडिओजवळ एका मैत्रिणीने तिच्यासाठी खोली धरून ठेवली होती.

मास्तर तिला “राहा” म्हणाले नाहीत. मागणं हा प्रकारच त्यांना कधी जमला नव्हता. बायको धडधाकट होती तेव्हाही ते आपला चहा आपण करून घ्यायचे. पण मुलगी राहायला हवी होती. बायको गेल्यापासूनच्या वर्षात घर इतकं गप्प झालं होतं की कपाखाली बशी ठेवल्याचा आवाजसुद्धा त्यांना मोठा वाटायचा. या आठवड्यात तो वाटला नव्हता. म्हणून त्यांना तो आकडा वाढवायचा होता.

दुपारी ते दुकानात गेले. दुकानदार जुन्या ओळखीचा. त्याला माल विकण्यापेक्षा अक्कल विकण्यात जास्त गोडी होती.

“अकरा? म्हणजे शंभरच्या लाइनवर चाललंय, काका. शंभरची लाइन पडद्यावर अकरा दाखवते, हजारची एकशे दहा. हजारवर चढतच नाहीये.”

“तेच विचारायला आलोय. का चढत नाही?”

“स्विच जुना असेल, सगळ्या तारा येऊन जुळतात तो डबा. नाहीतर तार. आतल्या आठच्या आठ जोडल्यात ना?”

“चारवर चालतं की.”

“चालतं ना. पण शंभरवर. हजार पाहिजे तर आठही लागतात. त्यातली एक जरी नसली तरी ते बिचारं गुपचूप शंभरवर येतं. कुरकुर नाही, काही नाही. वर्षानुवर्षं माणसाला पत्ता लागत नाही.”

मास्तर काउंटरवरच्या काचेकडे बघत राहिले. काचेखाली प्लगांचा ढीग होता.

“स्विच द्या एक. नवा.”

“अहो, आधी तार तपासा की. उगीच खर्च कशाला?”

“स्विचच द्या,” मास्तर म्हणाले.

दुकानदाराने खांदे उडवून खोकं पुढे केलं. गिऱ्हाइकाला खड्ड्यात उडी घ्यायचीच असेल तर आपण तरी किती वेळ हात धरणार, असा त्याचा चेहरा होता.

परत येताना मास्तर सावकाश चालले. तारेचं काय झालंय ते त्यांना आता ठाऊक होतं. आठपैकी चार तारा त्यांनी स्वतःच्या हाताने सोडवून घेतल्या होत्या.

बायको अंथरुणाला खिळली तेव्हाची गोष्ट. तिच्या खोलीत तार आधीच गेलेली होती, सर्व्हरवरचे सिनेमे तिला टीव्हीवर बघता यावेत म्हणून. पुढे तिचा आवाज बसला. हाक मारली तर उंबऱ्यापर्यंतही पोचेना. बेल बसवायला हवी होती, पण नवी तार ओढायची तर भिंतीतला पाइप अरुंद, आणि भिंत फोडली तर धुळीने तिचा खोकला वाढणार. मग मास्तरांनी आहे त्या तारेतच भागवलं. नारिंगी आणि हिरव्या जोड्या टीव्हीला ठेवल्या, निळी आणि तपकिरी उसनी घेतली. निळ्या जोडीवर बेल. तपकिरीवर दिवा.

दिवा ही खास लिफ्टवाल्याची अक्कल होती. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाची सुटका थोडी उशिरा झाली तरी तो धीर धरतो. पण आपलं बाहेर कुणीतरी ऐकलंय, एवढं त्याला आधी कळावं लागतं. मास्तरांनी हाताखालच्या पोरांना जन्मभर हेच पढवलं होतं, आधी ओ द्या, मग पाना शोधा. तेव्हा बायकोच्या उशाशी एक बटण आणि एक छोटा पिवळा दिवा. यांच्या टेबलाच्या कडेखाली दुसरं बटण. ती बेल वाजवायची, हे आपलं बटण दाबायचे, तिच्याकडे दिवा लागायचा. मग हे खुर्ची सरकवून उठायचे. सिनेमे चारच तारांवर सुरळीत चालत राहिले, त्यामुळे कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

नवा स्विच जोडला. मुलीने फाइल ओढायला सुरुवात केली.

“किती?” मास्तरांनी विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

“अकरा.”

मग मुलीनेच आपल्या बॅगेतून लांबलचक तार काढली, वडिलांच्या खोलीतून बोळातून जमिनीवरून थेट आपल्या टेबलापर्यंत आणली आणि जोडली.

“बाबा! एकशे दहा!”

मास्तर दारात येऊन उभे राहिले. आकडा खरंच तिथे होता.

“भिंतीतली तार गेलीय बघा. बाकी सगळं ठणठणीत आहे.”

“मग हीच राहू दे,” मास्तर म्हणाले. “जमिनीवरून.”

त्यांचा जीव भांड्यात पडला होता. मुलगी राहणार होती आणि भिंतीतल्या तारा होत्या तिथेच राहणार होत्या. खुशीत त्यांनी दोघांसाठी चहा टाकला. चहा होईपर्यंत मुलीने दार लावून बघितलं. बाहेरच्या रस्त्याचा आवाज बोळातून आत यायचा, त्यामुळे काम करताना दार तिला बंदच लागायचं. ते पुरतं लागेना. तार फटीत चेपून चपटी झाली होती. तिने जरा जोर लावला.

कप हातात घेऊन मास्तर ते बघत होते. दारात तार हे त्यांच्या धंद्यातलं पाप होतं. आज चेपते, उद्या सोलते, परवा तुटते, आणि तोवर कुणीतरी तिच्यात पाय अडकून पडलेलं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारांतून अशा तारा त्यांनी शिव्या घालत काढल्या होत्या. आपल्या घरात ती कशी चालेल? त्यांनी निम्मा कप होईपर्यंत कानाडोळा करून पाहिला.

“काढ ती तार.”

“काढली तर मग मला त्यांना नाही म्हणून सांगावं लागेल, बाबा.”

“भिंतीतली तार गेलेली नाही. निम्मी दुसऱ्या कामाला लावलीय. मीच लावली.”

“कुठल्या कामाला?”

“बेलच्या.”

मुलीने लॅपटॉपवरचा हात काढला. “आईच्या?”

“हं.”

“मला वाटलं, तिला वेगळी वायर असेल.” तिने लॅपटॉप मिटला. “मग राहू द्या ना, बाबा. एवढं काय अडलंय? मी जाते तिकडे. सुट्टीला येत जाईन.”

“राहू द्या कशाला?” मास्तर एकदम चिडून म्हणाले. “वाजवतंय कोण आता?”

स्वतःचाच आवाज ऐकून ते वरमले. कप खाली ठेवून ते पक्कड आणायला गेले. आपल्या खोलीत टेबलाशी खुर्चीत बसून भिंतीवरचं झाकण उघडून त्यांनी तारा बाहेर ओढल्या. निळी जोडी चिमटीत धरली, आणि थांबले.

“तुझं टेबल पुढे ओढ,” ते भिंतीपलीकडे ओरडले. “मागे बटण आहे बघ. दाब.”

“कशाला? कापायचीच आहे ना?”

“तार कापायच्या आधी ती कुणाची आहे ते बघून घ्यायचं असतं. नाहीतर भलतीच कापली जाते.”

पलीकडे टेबल सरकल्याचा आवाज आला.

बेल वाजली.

तीच, घशात काहीतरी अडकल्यासारखी. एवढ्या दिवसांत तिचा आवाज काही सुधारला नव्हता. मास्तरांच्या उजव्या हातातली पक्कड टेबलावर पडली आणि डावा अंगठा टेबलाच्या कडेखाली जाऊन बटणावर बसला. आपण फक्त तपासतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठलेले होते.

“बाबा, इथे दिवा लागला.”

“हं.”

“हा कशाचा? मला वाटायचं हा झोपतानाचा दिवा आहे, बिघडलेला.”

“ऐकू आलं, याचा,” मास्तर म्हणाले.

बेल केव्हाच थांबली होती. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायच्या खटपटीत होतं, ती चालू होऊन निघूनही गेली.

“बाबा,” मुलगी हळूच म्हणाली, पण घर गप्प होतं म्हणून ऐकू आलं. “दिवा अजून लागलेलाच आहे.”

मास्तरांनी अंगठा काढला.

पुढचं काम सवयीचं होतं. आधी त्यांनी आपल्याकडच्या तारा कापल्या, सोलल्या आणि आठही रंग क्रमाने लावून प्लगमध्ये दाबल्या. मग मुलीच्या खोलीत, जिथे पूर्वी पलंगाचं डोकं असायचं तिथे जमिनीवर बसून दुसरं टोक केलं. मुलीने टॉर्च धरला होता. उशाकडचं बटण आणि दिवा त्यांनी स्क्रू काढून वेगळा केला आणि खिशात टाकला. जमिनीवरची लांब तार मुलीने गुंडाळून बॅगेत ठेवली, आणि दार लावून घेतलं. ते व्यवस्थित लागलं.

मास्तर आपल्या खोलीत येऊन बसले. स्विचवरचे दिवे लुकलुकत होते. टेबलाखाली सर्व्हर घरघरत होता.

“बाबा!” दार उघडून मुलगी बोळातून ओरडली.

मास्तरांचा अंगठा कडेखाली गेला. बटण खटकन आत गेलं आणि कुठेच काही लागलं नाही.

“आलो,” ते मोठ्याने म्हणाले.

“येऊ नका हो, नुसतं सांगतेय. एकशे अकरा! इथूनच करते म्हणून कळवून टाकते त्यांना.”

“बरं,” मास्तर म्हणाले. पण तोवर त्यांनी खुर्ची मागे सरकवली होती.