राखाडी खोलीतला मॉनिटर

मी एक मॉनिटर बोलतोय. घराघरांत असतो तसला नव्हे हं! माझ्या कपाळावर बाहेरचा उजेड अडवायला काळी झडप आहे. तिच्यामुळे स्टुडिओत माझं नावच पडलं होतं ‘टोपीवाला’.

कारखान्यातून निघालो तेव्हा मीही चारचौघांसारखा भडक होतो. दुकानात आम्हा भावंडांना रांगेत उभं करून नुसतं झगमगत ठेवलेलं असायचं. लाल म्हणजे डोळ्यांत घुसणारा लाल, पांढरा म्हणजे नीळ जास्त झालेला पांढरा. गिऱ्हाइकाचे डोळे दिपले की सौदा झाला!

मला निवडलं ते मामांनी. हे फोटोग्राफर. सारी गल्ली त्यांना मामा म्हणायची. सोबत त्यांची लेक होती. बाबा म्हणणारी तेवढी एकटीच. तिनं विचारलं, “बाबा, एवढा भडक घेऊन काय करायचं?”

“शिकवला की शिकेल गं,” मामा म्हणाले. “भडकपणा वयाचा असतो.”

आणि खरंच शिकवलं मला. स्टुडिओच्या मागच्या खोलीच्या भिंती राखाडी होत्या, पडदा राखाडी. लेक माझ्यासमोर बसताना कपड्यांवर राखाडी अॅप्रन चढवायची, कारण रंगीत कपड्यांची झाक काचेवर पडते. एखादं गिऱ्हाईक आत डोकावून म्हणायचं, “खोली अशी रडवेली का हो?” मामा म्हणायचे, “रंगाला बोलू द्यायचं तर भिंतीनं गप्प बसायला हवं.”

अधूनमधून माझी तपासणी व्हायची. मुठीएवढं एक यंत्र माझ्या काचेवर टांगायचे. त्याला ते दोघं ‘डॉक्टर’ म्हणत. मी एकेक रंग दाखवायचा, डॉक्टरनं तो मोजायचा, आणि कुठे लाल वाढला, कुठे हिरवा घसरला, ते दुरुस्त व्हायचं. मग मी दाखवीन तोच रंग कागदावर उतरायचा. काय तोरा होता तेव्हा माझा!

माणसांची मात्र मला गंमत वाटायची. जो येई तो म्हणे, “जरा उजळ करा ना.” मामा हसून म्हणत, “करतो की. पण मग आई ओळखणार नाही, घरात घेणार नाही.”

एके दिवशी समोरच्या गल्लीतले शिंपीदादा आले. मामांचे जुने स्नेही. त्यांचा धाकटा भाऊ आजारपणात गेला होता. त्याचा हसरा असा एकच फोटो उरला होता, तोही विटलेला. सोबत त्यांनी कापडाची एक चिंधी आणली होती, फिक्या पिस्ता रंगाची.

“त्याच्या अंगात हाच शर्ट आहे,” ते म्हणाले. “मीच शिवला होता. रंग एवढा नीट आणा.”

“हे काम मी स्वतः करणार,” मामा म्हणाले. लेकीला त्यांनी हातही लावू दिला नाही. चिंधी एकदाच बघून बाजूला ठेवली आणि नजरेच्या भरवशावर ते माझ्यासमोर बसले. आणि मी बघत राहिलो. मामा निळा वाढवत होते. आणखी थोडा. आणखी थोडा. मला ओरडून सांगावंसं वाटलं, “मामा, पुरे!” पण मला दाखवता येतं, बोलता कुठे येतं?

शिंपीदादांनी फोटो हातात घेऊन उजेडात धरला. मग हळूच म्हणाले, “मामा, हा थंडीनं गारठलेला कुणीतरी वाटतो हो. आमचा तो असा नव्हता.”

ते गेल्यावर मामा माझ्यावर उखडले. “हा टोपीवाला बिघडलाय! काढून टाका याला!”

लेकीनं डॉक्टर आणला, माझ्या काचेवर टांगला. मी एकेक रंग दाखवू लागलो. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, आपण नापास व्हावं. दोष माझाच निघावा. पण मी पास झालो.

लेक खुर्ची ओढून वडिलांजवळ बसली. “बाबा, हा ठीक आहे.”

“मग छपाईत घोळ असेल.”

“छपाईही ठीक आहे. बाबा… डोळे दाखवून येऊ या का?”

मामा उठले आणि माझा दिवा बंद करून निघून गेले. ज्याच्या नजरेवर अख्ख्या घराची चूल पेटली, त्याला हे ऐकणं किती जड गेलं असेल!

मोतीबिंदू निघाला. डोळ्यातलं भिंग पिवळं पडत गेलं होतं, इतकं सावकाश की मामांना कळलंच नाही; सगळं पिवळट दिसे म्हणून ते निळा ओतत राहिले. शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटल्यावर काही दिवसांनी ते खोलीत आले. लेकीनं मला सुरू केलं आणि तोच फोटो समोर आणला.

“अरे देवा!” मामा हसत सुटले. “अगं, हा तर पार काकडलाय! कुणी केलं हे?”

“तुम्हीच,” लेक म्हणाली, आणि दोघांचेही डोळे भरले.

मग त्यांनी तो मूळ विटलेला फोटो पुन्हा उघडला. रात्र व्हायच्या आत शिंपीदादांचं काम नव्यानं झालं होतं. दुसऱ्या दिवशी दादांनी फोटोशेजारी चिंधी धरली. चिंधीवरून नजर शर्टावर गेली, शर्टावरून चेहऱ्यावर. मग एकदम पाठ फिरवून म्हणाले, “आला. घरी आला.”

आता मी म्हातारा झालोय. माझ्या कोपऱ्यांत अंधार साचतो, पांढरा मळकट दिसतो. डॉक्टरनंही हात टेकले. स्टुडिओत नवा मॉनिटर आला आणि मला मामांच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर जागा मिळाली. मामाही आता कामावर जात नाहीत. दुपारी चहाचा कप घेऊन माझ्यासमोर जुने फोटो लावून बसतात. लेक कधी आलीच तर म्हणते, “बाबा, नवा आणून देते. याचे रंग आता खरे राहिले नाहीत.”

“असू दे गं,” मामा म्हणतात. “खरे कसे होते ते मला आठवतंय.”

एखाद्या दिवशी मी पेटणार नाही. तेव्हा मला भंगारात द्या, माझी ना नाही. फक्त त्या दुपारी मामांशेजारी कुणीतरी बसा, आणि कुठला रंग कसा होता, ते त्यांना बोलू द्या.