उलटा पऱ्या

तिसऱ्या दिवशी दुपारी रबरी बोट गाडीवर चढवायला घेतली, तेव्हा सुंदराबाई पदर खोचून काठावर उतरली. बोटवाल्यांनी साकवापासून खाडीपर्यंत नदी चाळली होती. सहदेव काही मिळाला नव्हता. आता ते जाणार, म्हणजे शोध संपला.

सहदेव तिचा नवरा. अडतीस वर्षं मुंबईत वॉचमन. दुसऱ्यांची दारं राखून दोन वर्षांपूर्वी घरी आला. नदी त्याला पाहुण्याइतकीच ठाऊक. शनिवारी पाणी चढत होतं, शेळी पलीकडे राहिली होती आणि "आना जावा तिला" असं सुंदराबाईच म्हणाली. जन्मभर बायकोचं ऐकलं नाही, ऐकलं ते नेमकं त्या दिवशी. साकवाच्या अरुंद पुलावरून पाय सुटला. पाणी उतरल्यावर शेळी आपली आपण घरी आली.

"दीपकभाऊ, पऱ्यात बगायचं ऱ्हायलंय," ती पोलीस पाटलाला म्हणाली. "चिव्याच्या बेटात."

पऱ्या म्हणजे लहानसा ओढा, तो तिच्या परसाखालून वाहत येई आणि साकवाच्या जरा खाली नदीला मिळे. त्याच्या दोन्ही अंगांना चिव्याच्या बांबूची दाट बेटं होती.

"काकी, पानी खाली जातं. मानूस वर कसा जाईल? एश्टीनं?" दीपक बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

सुंदराबाईला राग आला नाही. हा सोळाव्या वर्षी मुंबईला गेलेला, गेल्या साली परतलेला. तिनं मात्र त्या संगमावर चाळीस वर्षं धुणी धुतली होती. नदी चढायला लागली की पऱ्या अडतो, मग नदीच त्याच्यात शिरते आणि साबणाचा फेस उलटा वर चालू लागतो. एकदा तिचा परकर असाच वर जाऊन शेजारच्या आप्पांच्या मळ्यात निघाला. आप्पांनी तो काठीच्या टोकावर आणून दिला होता. वाडीतल्या सगळ्या बायकांना हे ठाऊक. पण शोधायला पुरुष गेले होते.

घाटावर आभाळ काळं झालं होतं. नदी पुन्हा तांबडी होऊन चढू लागली.

"आम्रपाली, घरातले तीन असोले नारळ आन."

लेक जवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आपलं. नदीला नारळ सोडणार? वाडी काय म्हणेल?"

"म्हनू दे. आन तू."

न सोललेले नारळ घेऊन सुंदराबाई साकवाच्या तोंडाशी उभी राहिली. काठावरची गर्दी पुढे सरकली. दीपकनं चपला काढल्या, हात जोडले. मागून कुणीतरी पुटपुटलं, "शेवटी नदीलाच शरण."

"चपला घाल रे," ती वळून न बघता म्हणाली. "चिखलात जायाचंय."

पहिला नारळ मधल्या धारेत पडला आणि सरळ खाली गेला, बोटवाल्यांच्या बाजूनं साक्ष दिल्यासारखा. गाडीवर दोरखंड आवळला गेला. दुसरा तिनं अलीकडच्या अंगाला टाकला, जिथं सहदेवचा पाय सुटला होता तिथं. तो संगमापर्यंत गेला, घोटाळला, दोनदा गरगरला आणि पऱ्यात शिरला. वर निघाला. घाई नव्हती त्याला. बाजारातून घरी चाललेल्या माणसासारखा चालला होता. तिसरा त्याच्या मागोमाग.

दीपकनं चपला घातल्या. "कोयते आना!" तो ओरडला.

पाच जणांनी काठाकाठानं चिवा तोडत वाट केली. परसापासून हाकेच्या अंतरावर, बेटाच्या बुडाशी, सहदेव अडकलेला होता. तीन दिवसांच्या पाण्यानं माणसाचं जे होतं ते झालं होतं. सदरा तेवढा ओळखू येत होता. त्याचा उसवलेला खिसा तिनंच हिरव्या दोऱ्यानं शिवला होता, पांढरा संपला म्हणून. एक नारळ त्याच्या खांद्याला टेकून हलत होता.

आम्रपालीनं तोंड फिरवलं. सुंदराबाई गुडघाभर पाण्यात उतरली. नारळ उचलून तिनं काठावर ठेवला, त्याच्या केसांतला पाला काढला.

"घरीच यायाचं व्हतं," ती म्हणाली, "तर पानी उतरंपर्यंत थांबायाचं व्हतं. माजं कशाला आयकलंत?"

"काय म्हनालात, काकी?" दीपकनं विचारलं.

"तुला न्हाय," ती म्हणाली.