आडत्याच्या घरातली भेसळ

लातुरात मूल रांगायला लागलं की शेजारीपाजारी विचारतात, "कोणत्या क्लासला घालणार?" अशा गावात दामिनीनं आपली साडेतीन वर्षांची अंजू यंदा शाळेत न घालता घरीच शिकवायची ठरवली, म्हणजे आग्यामोहोळाला दगडच मारला म्हणा ना! पण बाई खमकी. नांदेडला माहेरी असतानाच तिनं मॉन्टेसरीचा कोर्स केला होता, आणि आपल्याला काय येतं याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

नवरा वीरेश धान्याची आडत चालवायचा. स्वभावानं गरीब. "दसऱ्याला मोठे काका औशाहून येतील," तो म्हणाला. "त्येंच्यापुढं काय ते दाखव. न्हाई पटलं तर दुसऱ्या दिवशी शाळेची व्हॅन." मोठे काका म्हणजे गुंडप्पा. दुकानातला माल पास करायचा असो की घरातला निर्णय, शेवटचा शब्द त्यांचा.

दामिनीनं स्वयंपाकघरातला खालचा कप्पा अंजूच्या नावानं करून टाकला. छोटा तांब्या, छोटं लाटणं, गुंड्या लावायला बापाचा जुना सदरा. आणि एका ताटात तूर, मूग, हरभरा अशा तीन डाळी एकत्र करून ठेवलेल्या. अंजूनं त्या निवडून तीन वाट्यांत घालायच्या. नियम एकच. लेकरू करत असताना मोठ्यांनी मधे हात घालायचा नाही.

इथंच घोडं पेंड खायला लागलं. सासू नागम्मांची सगळी हयात आडत्यांच्या घरात गेलेली. मिसळलेलं धान्य दिसलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. दामिनी गच्चीवर धुणं वाळत घालून येईपर्यंत म्हातारी ताट मांडीवर घेऊन, डाळी वेगळ्या करून, बरण्यांत भरून मोकळी! अंजू आपली शेजारी बसून बघतेय.

"आत्याबाई, ते अंजूचं काम होतं!"

"एवढुशा लेकराला कामाला लावून राहिलीस व्हय? अन् आडत्याच्या घरात भेसळ! लोक काय म्हनतील?"

दामिनीनं बरण्या उघडल्या आणि पुन्हा सगळं एक केलं. सून मिसळतेय, सासू निवडतेय, असा तमाशा बरेच दिवस चालला. शेवटी दामिनीनं सासूला अंजूच्या शेजारी बसवलं आणि पुढ्यात कापूस ठेवला. "वाती वळा, आत्याबाई. अन् नुसतं बघा." नागम्मा कुरकुरत वाती वळायच्या. पण बघायच्या मात्र रोज.

दसरा आला, गुंडप्पाही आले. कपाळावर विभूती, आवाज खणखणीत. जेवणं उरकल्यावर त्यांनी अंजूला पुढं बोलावलं. "एबीसीडी म्हन की, बाळ." अंजू गप्प. "बरं, वन टू?" अंजू आजीच्या पदरामागं.

"उद्याच शाळेत घाला हिला," गुंडप्पा वीरेशला म्हणाले. "घरी ठिवून पोरगी मुकी करून टाकलीत."

वीरेशनं मान खाली घातली. दामिनीला राग आला, पण ती डगमगली नाही. "मोठे मामंजी, जरा बसा," म्हणून तिनं ताट आणून अंजूपुढं ठेवलं. मिसळलेल्या डाळी पाहून गुंडप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. अंजू मात्र ताट दिसताच पदरामागून बाहेर आली आणि मांडी घालून बसली.

तिची बोटं चालू लागली. मूग इकडं, हरभरा तिकडं. मग एका दाण्यापाशी ती थांबली. चिमटीत धरून तो तुरीच्या वाटीवर नेला, परत आणला. हरभऱ्याच्या वाटीवर नेला, परत आणला. सगळे ताटकळले.

"येत न्हाई तिला," गुंडप्पा म्हणाले.

दामिनीला तर साफ दिसत होतं, ती तूरच होती. एवढ्यासाठी सगळी मेहनत मातीत जाणार! नियमबियम सगळं विसरून तिचा हात ताटाकडं गेला.

तो नागम्मांनी वाटेतच धरला. असा धरला की बांगड्या मनगटात रुतल्या. थोरल्या दिरापुढं कधी आवाज न काढलेली ती बाई बोलली, "हात घालू नको. लेकरू इचार करून राहिलंय."

अंजू उठली. आपल्या कप्प्यातून आणखी एक वाटी घेऊन आली, तो दाणा त्यात एकटाच ठेवला आणि पुढचं निवडायला लागली.

गुंडप्पांनी चष्मा चढवून दाणा तळहातावर घेतला, उलटापालटा केला. "आरं, ही तूर न्हाई! लाखोळीची डाळ हाय, तुरीत मिसळत्यात ती. भेसळ! कुन्या पोत्यातली?"

वीरेश चाचरला. "दुकानातल्याच. मागल्या हप्त्यात तुमीच येऊन पास केलेलं पोतं, काका."

गुंडप्पा पोट धरून हसले. "माझ्या डोळ्यातून सुटली, अन् हिच्या चिमटीत घावली! वीरेश, पोतं परत पाठीव."

"अन् शाळेचं?" वीरेशनं विचारलं.

"मला काय इचारतोस? नागम्मा, तू रोज बघून राहिलीस. तूच सांग."

नागम्मांनी डोईवरचा पदर सावरला. दुसऱ्या हातानं सुनेचं मनगट अजून धरलेलंच होतं. "अंजू यंदा घरीच शिकंल," त्या म्हणाल्या. "तिचं लई चांगलं चाललंय. पर तिच्या आईला हात आवरायला मला शिकवावं लागंल."

दामिनीला लाज वाटली, हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"हाव, आत्याबाई," ती म्हणाली, आणि तिनं दुसरा हातही सासूच्या हाती दिला.